मुंगीच्या पावलांनी

खोलीला खिडकी नव्हती, आणि नेमकी म्हणूनच ती फोटोताईनं मागून घेतली होती.

इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डच्या टोकाला ही खोली. पूर्वी तिथं एक्स-रे काढत. नवं यंत्र तळमजल्यावर आलं, जुनं भंगारात गेलं, आणि मागे उरलं ते आतून शिशाचा पत्रा लावलेलं जड दार, भिंतीवरची एक्स-रे बघायची दुधी काचेची पेटी, आणि कितीही फिनेल ओतलं तरी न हटणारा एक आंबूस वास. किल्ली देताना वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "अगं, पलीकडे चांगली उजेडाची खोली आहे. या बिळात काय करणार?"

"खिडकीतला उजेड दर मिनिटाला बदलतो, सिस्टर. फोटोत ते लगेच दिसतं. मला न बदलणारा उजेड हवाय."

सिस्टरनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि शिकलेल्या माणसांपुढं बोलण्यात अर्थ नसतो अशा चेहऱ्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

फोटोताई हे अर्थात मुलांनी ठेवलेलं नाव. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिला वर्ष झालं होतं. लांबलेल्या दुखण्यात मुलांचे हात आणि डोकी कामाला लागावीत म्हणून एका संस्थेनं सहा आठवड्यांचा वर्ग काढला होता, तो तिनं घेतला. काम सांगायला सोपं. मुलांनी तारेच्या सांगाड्यावर माती चढवून बाहुल्या करायच्या, त्या कणाकणानं हलवायच्या, दर हालचालीला एक फोटो काढायचा. सेकंदाला बारा फोटो या वेगानं ते पळवले की बाहुली आपल्या आपण चालू लागते. दिवसभर राबून हाती लागतात सात-आठ सेकंद.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं बाहुली वीतभर सरकवली होती. "ही कुठं चालतेय? बेडकासारखी उड्या मारतेय!" असा निकाल वकीलबाईनं दिला. मग फोटोताईनं टेबलावर दोन-दोन मिलिमीटरच्या चौकटींचा कागद चिकटवला आणि सांगितलं, एक चौकट म्हणजे मुंगीचं एक पाऊल. तेव्हापासून वर्गात दुसरं माप चाललं नाही. "हात दोन मुंग्या वर." "मान अर्धी मुंगी वळव." "अर्धी मुंगी कशी असेल? मेलेली का?" हेही वकीलबाईच.

वकीलबाई दहा वर्षांची. उजवा हात प्लास्टरमध्ये, तोंड पूर्ण मोकळं. तिच्या डाव्या हातात कॅमेऱ्याचं बटण असे. चष्मिस आठ वर्षांचा, कमरेपासून खाली प्लास्टर, चाकांच्या खुर्चीत. त्याच्याकडे वही: फोटोचा आकडा, कोणी हलवलं, किती मुंग्या. एखादी ओळ वाकडी आली तर तो अख्खं पान पुन्हा लिहायचा. आणि बाहुली हलवायला भिंगरी. हलवून झालं की तिनं दोन्ही हात मागं घेऊन ओरडायचं, "हात बाहेर!" मगच वकीलबाईनं बटण दाबायचं, आणि खट् झालं की चष्मिसनं लिहायचं. हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी माती मिळत नसे.

भिंगरी हे नाव अपघाताच्या आधीचं. तेव्हा ती एका जागी ठरत नसे. नऊ वर्षांची पोर. रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं, दोन्ही मांड्यांची हाडं मोडली. हाडं जुळून आता दोन महिने झाले होते. एक्स-रे स्वच्छ, नसा शाबूत. व्यायामाच्या दांड्या धरून ती उभीही राही. पण पाऊल उचलायची वेळ आली की जागच्या जागी थिजायची. "पाय उचलतच नाही," एवढंच सांगायची, जसे काही ते पाय शेजारणीचे आहेत.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी तिची आई खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. शिवणकाम करणारी बाई. बोलताना पदराच्या काठावरून तिचं बोट टाके मोजल्यासारखं फिरत असे.

"ताई, शुक्रवारी मोठे डॉक्टर बघणार आहेत. सहा पावलं स्वतःची टाकली तर अजून सहा आठवडे इथं ठेवतील, व्यायाम देतील. नाही टाकली तर खुर्ची देणार आणि घरी पाठवणार. खाटेसाठी रांग आहे म्हणे, त्यांचंही खरं आहे." तिचं बोट काठावर थांबलं. "आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. ती खुर्ची मी काय करू? खिडकीशी लावून ठेवू?"

फोटोताईनं नुसती मान हलवली.

"तुमच्या वर्गात ती बोलते तरी," आई म्हणाली. "खाटेवर नुसती छताकडे बघते."

आत भिंगरी आपल्या बाहुलीशी झगडत होती. पिवळ्या मातीची, बोटभर उंचीची, म्हणून तिचं नाव पिवळी. पिवळीला टेबलाच्या या टोकापासून पुठ्ठ्याच्या दारापर्यंत चालवायचं असं भिंगरीनंच ठरवलं होतं, आणि इथंच सगळं अडलं होतं. पाय उचलला की पिवळी आडवी. मागून तारेचा टेकू दिला तर उभी राही, पण फोटो पळवून पाहिले की चालण्याऐवजी कोणीतरी तिला ढकलत नेतंय असं वाटे.

"अशी नाही चालत माणसं," भिंगरी म्हणाली.

"मग कशी चालतात?" फोटोताईनं विचारलं.

"ते मला कसं माहीत असणार?" भिंगरी म्हणाली.

बाराला फोटोताईनं त्या दिवसाचं काम पळवून दाखवलं. पहिले तीन सेकंद पिवळी नेहमीसारखी खुरडत गेली. मग मध्येच, अर्ध्या सेकंदापुरती, ती चालली. खरोखर चालली. कंबर अलगद एका बाजूला कलली, त्या पायावर भार आला, आणि दुसरा पाय आपसूक सुटा होऊन उचलला गेला. पुढच्या क्षणी पुन्हा लाकडी.

भिंगरी म्हणाली, "पुन्हा दाखव."

"चष्मिस, आज किती झाले?" फोटोताईनं विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

संगणक एक्क्याण्णव दाखवत होता.

"मोजता येत नाही तर लिहितो कशाला?" वकीलबाई म्हणाली.

"मी बरोबर मोजलंय! तूच दोनदा दाबलं असशील!"

"दोनदा दाबलं तर दोनदा खट् होईल ना, शहाण्या? ऐकलंस?"

चष्मिस रडायच्या बेताला आला. फोटोताईनं दोघांना गप्प केलं, पण वकीलबाईचा मुद्दा तिच्या डोक्यात राहिला. दोनदा दाबलं तर दोन सारखे फोटो येतील. हे सात फोटो कशाशीच सारखे नव्हते. आधीच्या आणि नंतरच्या स्थितीच्या बरोबर मधले होते.

मुलं जेवायला गेल्यावर ती एकटी बसली. दार उघडं होतं, बाहेर जेवणाच्या गाडीची चाकं कुरकुरत होती. तिनं प्रत्येक फोटोची वेळ काढली. एक्केचाळिसावा फोटो अकरा वाजून चौदा मिनिटं आठ सेकंदांचा. बेचाळिसावा चौदा मिनिटं चाळीस सेकंदांचा. मधला, वहीत नसलेला, चौदा मिनिटं बावीस सेकंदांचा.

त्या बाविसाव्या सेकंदाला भिंगरीचे दोन्ही हात पिवळीच्या कमरेवर होते. असायलाच हवे होते. त्याच वेळात ती बाहुली हलवत होती. पण फोटोत हात नव्हते. सावली एकट्या पिवळीची होती.

तिनं फोटो मोठा करून पाहिला. पिवळीच्या कमरेला दोन्ही बाजूंनी माती आत दबलेली होती, आणि दाबाच्या कडेनं जरा वर फुगून आली होती. बोटानं दाबून धरल्यावर येते तशी. बोट मात्र कुठं नव्हतं.

फोटोताई घाबरली नाही. तिला राग आला. मोजमाप चुकतं तेव्हा चूक कुठंतरी असतेच, हे तिला तीन वर्षं शिकवलं होतं. तिनं कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी ताडून पाहिलं, बरोबर होतं. मधले फोटो स्वतःहून भरायची सोय त्या संगणकात आहे का ते शोधलं, नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं संगणक आणलाच नाही. नुसता कॅमेरा, आत कोरं कार्ड.

मंगळवारी वहीत बाहत्तर. कार्डावर एक्क्याऐंशी.

"ताई, आपला कॅमेरा गाभण आहे का?" वकीलबाईनं विचारलं.

भिंगरी हसली नाही. ती तो अर्धा-पाऊण सेकंद पुन्हा पुन्हा बघत होती. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याला नाक लावून ती म्हणाली, "आधी झुकते. बघ. आधी झुकते, मग उचलते. मी उलटं करत होते."

त्या दुपारी तीन वाजता व्यायामाच्या हॉलमध्ये तिनं दांड्या धरल्या, डोळे मिटले आणि कंबर डावीकडे कलवली. उजवी टाच जमिनीवरून सुटली. फक्त टाच. व्यायाम करून घेणारे दादा, एरवी दिवसभर आवाज चढवून बोलणारा माणूस, हळूच म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं? मी दोन महिने घसा फोडतोय."

"पिवळीनं," भिंगरी म्हणाली.

दादांनी फोटोताईला बाहेर गाठलं. "काय जादू केलीत?"

"मी काही केलेलं नाही," ती म्हणाली, आणि ते शब्दशः खरं होतं.

हेच तिला टोचत होतं. मुलांचा सिनेमा मुलांनी करायचा, हा वर्गाचा पाया. दोन दिवस झाले, यात कोणीतरी हात घालत होतं, आणि कोण ते कळत नसताना ती लेकराला तेच बघू देत होती. शिवाय एक साधी शंका होती: भिंगरीच्या टाचेचा या फोटोंशी खरोखर संबंध आहे का, की दोन महिन्यांचा व्यायाम आत्ता फळाला येतोय? ते कळायचं तर एकच मार्ग. बुधवारी सकाळी तिनं वहीत नसलेले सोळाही फोटो काढून टाकले आणि मुलांना नुसता त्यांचाच सिनेमा दाखवला.

पिवळी खुरडत गेली.

भिंगरीनं तो एकदा पाहिला. पुन्हा दाखव म्हणाली नाही. "ती विसरली," एवढंच म्हणाली.

दुपारी दांड्यांपाशी ती दहा मिनिटं उभी राहिली. घाम नाकावरून खाली टपकला. मग गुडघे गेले, आणि दादांनी धरायच्या आत ती खाली बसली, हनुवटी दांडीवर आपटली. रक्त थोडंच आलं. ती रडलीही नाही. आईनं ओल्या रुमालानं तिची हनुवटी पुसली आणि फोटोताईकडे न बघता म्हणाली, "काल तर जमत होतं हो."

प्रयोग एकदाच केला, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, असं फोटोताईनं स्वतःला जिन्यात दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगवेना. ती परत वर गेली, टाकून दिलेले सोळाही फोटो शोधून काढले, जागच्या जागी लावले, आणि संगणक उचलून थेट भिंगरीच्या खाटेवर ठेवला.

"घे. आठवलं तिला."

भिंगरीनं फोटो पुढं-मागं करून पाहिले, एकेक. मग मान वर न करता विचारलं, "तू लपवले होतेस?"

"हो."

"का?"

"ते आपण काढलेले नाहीत म्हणून."

भिंगरीनं पडद्यावरच्या पिवळीवर बोट ठेवलं. "पण पिवळी तर आपलीच आहे ना," ती म्हणाली.

गुरुवारी वर्गात कोणी विनोद केला नाही. भिंगरी हलवत होती, वकीलबाई दाबत होती, चष्मिस प्रत्येक खट् मोठ्यानं मोजत होता. पिवळी टेबलाच्या मध्यापर्यंत आली आणि बारा वाजले. तिथं, दोन्ही पायांवर, पाठीमागच्या टेकूसकट तिला सोडून सगळे उठले. वहीत साठ.

कार्डावर पंचाहत्तर निघाले. त्यांतले अकरा मधले. त्यांची आता तिला सवय झाली होती. उरलेले चार मधले नव्हते. ते शेवटच्या फोटोच्या पुढचे होते.

चारही फोटोंत तारेचा टेकू नव्हता. पहिल्यात पिवळीची कंबर कललेली. दुसऱ्यात पाय सुटलेला. तिसऱ्यात तो पुढं आलेला. चौथ्यात अख्खं अंग पुढं झुकलेलं, इतकं, की फोटोताईनं पडद्यावर पट्टी लावली. वजनाचा मध्य पायाच्या बोटांपलीकडं दोन मुंग्या गेला होता. अशी बाहुली उभी राहू शकत नाही. अशी कुठलीच वस्तू उभी राहू शकत नाही. ती पडत होती.

त्यापुढं फोटो नव्हता.

तिनं वळून टेबलाकडं पाहिलं. पिवळी सोडली होती तिथंच होती, टेकूसकट.

मग तिनं चौथ्या फोटोची वेळ पाहिली. शुक्रवार, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं.

त्या संध्याकाळी ती दादांना शोधत हॉलमध्ये गेली. ते चटया गुंडाळत होते.

"उद्या ती पडली तर?" तिनं विचारलं.

"पडेल की. चालणं म्हणजे दुसरं काय असतं? दर पावलाला माणूस पुढं पडतो, आणि दुसरा पाय येऊन सावरतो. तुम्ही तर सायन्सवाल्या."

"आणि तो दुसरा पाय आला नाही तर?"

दादांनी चटई भिंतीला उभी केली. "डॉक्टरांची अट आहे, सहा पावलं कोणीही हात न लावता. हात लागला की मोजणी बंद. मी बाजूला उभा असेन. पण उगाच धरणार नाही. तुम्हीही धरू नका."

घरी जाताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. एका फोटोवरून माणूस पडतोय की चालतोय, हे सांगताच येत नाही. दोन्ही तिथं सारखीच दिसतात. फरक असतो तो पुढच्या फोटोत.

शुक्रवारी हॉलमध्ये लांबच लांब पांढरा कागद अंथरला होता. डॉक्टरांना पावलांची नोंद हवी होती, म्हणून दादांनी भिंगरीच्या तळव्यांना निळा रंग फासला. गुदगुल्या झाल्या म्हणून ती ओरडली. आठवडाभरात तिचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. चष्मिस आणि वकीलबाई दाराशी. आई भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घट्ट. मोठे डॉक्टर उंच, थकलेले, घड्याळाकडे बघत आले, पण भिंगरीपुढं गुडघ्यावर बसून म्हणाले, "घाई नाही हं, बाळा." ते खरंच तसं म्हणाले.

भिंतीवरचं घड्याळ दहा एक्केचाळीस दाखवत होतं.

फोटोताई कागदाच्या कडेला जाऊन उभी राहिली. एका हाताच्या अंतरावर.

भिंगरीनं दांड्या सोडल्या.

कंबर कलली. डावा पाय सुटला. पुढं टेकला. निळा ठसा.

"एक," चष्मिस पुटपुटला.

उजवा. निळा ठसा.

मग तिचं अंग पुढं झुकलं. खूप झुकलं. पट्टी लावायची गरज नव्हती. फोटोताईनं तो कल आधी पाहिला होता, मुंग्यांसकट. तोच खांदा. तीच मान.

घड्याळाचा काटा सरकला.

फोटोताईचा हात पुढं गेला.

"ताई!" भिंगरी ओरडली. नजर समोर. "हात बाहेर!"

हात जागच्या जागी थांबला. बोटं आणि भिंगरीचा झगा यांत दोन इंचांचं अंतर होतं. त्या अंतरात झग्याचं कापड कमरेपाशी दोन्ही बाजूंनी आत दबलं होतं. क्षणभरच. मग सुटलं.

डावा पाय आला.

टेकला.

"तीन," चष्मिस म्हणाला.

"चार!" आता वकीलबाई. "पाच! अगं पाच!"

सहाव्या पावलाला भिंगरी आईच्या अंगावर जाऊन आदळली, आईनं उचलून घेतलं तेव्हा तिच्या पातळावर दोन निळी पावलं उमटली, ती तिनं पुढं कधी धुतली नाहीत. दादा खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होते. डॉक्टरांनी उभ्या उभ्याच कागदावर सही केली. सहा आठवडे. "आणि नंतर बहुतेक जिना," ते आईला म्हणाले. "चार मजले म्हणालात ना? चढेल. वेळ लागेल, पण चढेल."

"खुर्ची मला द्या," वकीलबाई म्हणाली. "चष्मिसच्या खुर्चीशी शर्यत लावते."

त्या गलक्यात दादांनी ओला कागद गुंडाळून फोटोताईच्या हातात दिला. "तुमच्याकडे दिवे आहेत, कॅमेरा आहे. वरून एक चांगला फोटो काढून द्या. फाइलला लावायचाय."

बिनखिडकीच्या खोलीत तिनं तो जमिनीवर उलगडला आणि दोन्ही दिवे लावले. बाहेर अजून हसणं चाललं होतं. भिंगरीचा आवाज सगळ्यांच्या वर. फोटोताईला स्वतःलाही हसू येत होतं. या आठवड्यात पहिल्यांदाच तिला कुठला आकडा ताडून बघायची इच्छा नव्हती.

पण ठसे मोजणं ही सवय होती.

अकरा होते.

ओला कागद गुंडाळला, रंग दुसरीकडं लागला असणार, असं तिला आधी वाटलं. तसं झालं तर ठसा आरशातल्यासारखा उलटा उमटतो, डाव्याचा उजवा होतो. ती गुडघ्यांवर बसली. एकही ठसा उलटा नव्हता. सहा गडद. आणि दर दोन ठशांच्या बरोबर मध्ये, मुंगीचाही फरक नाही, असे पाच फिकट.

तिनं पट्टी घेतली.

गडद ठसे टाचेपासून अंगठ्यापर्यंत एकोणीस सेंटिमीटर. नऊ वर्षांच्या मुलीचं पाऊल. तिन्ही डाव्या ठशांत बोटं चारच दिसत होती, कारण भिंगरीच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटाखाली दडते.

मग तिनं फिकट ठसे मोजले. एकेक करून, पाचही. साडेतेवीस सेंटिमीटर. पुऱ्या वाढलेल्या बाईचं पाऊल, भार दोन्हीकडे सारखा, टाच ठाम टेकलेली, जिने चढून-उतरून सरावलेली चाल.

त्यांतल्या डाव्या ठशांतही बोटं चारच होती.